आठवा बिट : एका तारेचा आणि तीन हजार शब्दांचा इतिहास

माझ्या टेबलाच्या खणात एक साडेतीन इंची फ्लॉपी आहे. तिच्या चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘गुरुजी, शब्द, एप्रिल ९६’. ही फ्लॉपी मी तेवीस वर्षे जपली ती पुरावा म्हणून, आणि तोही माझ्याच विरुद्धचा. तिच्यावर तीन हजारांहून अधिक मालवणी शब्द आहेत असे मला आधी वाटत होते. मग ते नाहीत असे कळले. २०१९ साली पुन्हा कळले की ते आहेत, फक्त प्रत्येक अक्षराचा एक हिस्सा मी वाटेत सांडला होता. तो कुठे सांडला, का सांडला, आणि तो सांडावा अशी व्यवस्था माझ्या जन्माआधीच कशी लागून गेली होती, हे शोधताना जो इतिहास हाती आला तो इथे मांडतो आहे.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही आणि अभियंताही नाही. बी.कॉम. झाल्यावर कुडाळकडे एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसू लागलो, तिथे डाग द्यायला शिकलो, आणि पुढे संगणक आले तेव्हा त्यांचीही झाकणे उघडू लागलो. जे काही वाचले ते रद्दीतल्या हस्तपुस्तिकांतून. तेव्हा पुढच्या मजकुरात विद्वत्ता कमी आणि डागणीचा वास अधिक आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एप्रिल १९९६

गुरुजी म्हणजे आमच्या भागातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. बदलीच्या प्रत्येक गावी त्यांनी शब्द टिपले होते : शेतीचे, होड्यांचे, झाडांचे, शिव्यांचेसुद्धा. वह्या भरल्या तेव्हा एका छापखान्याने त्या छापायचे कबूल केले. छापखान्यात देवनागरी कार्ड बसवलेला एक संगणक होता. दोन वर्षांत सारे शब्द त्यावर चढले. पुस्तक निघण्याआधीच छापखाना विकायला निघाला. वह्या तिथल्या माळ्यावर होत्या, त्या आवरासावरीत रद्दीवाल्याकडे गेल्या हे आम्हांला फार उशिरा कळले. संगणक दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नेणार होता आणि त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेला होता. गुरुजी माझ्याकडे आले. म्हणाले, ‘‘तुका तारांतला कळता. तेवडे शब्द हयसून काडून दी.’’

त्या यंत्राच्या पाठीमागे सिरिअल पोर्ट होता. दुकानातला माझा साधा संगणक मी रिक्षातून घेऊन गेलो. त्यालाही सिरिअल पोर्ट होता. दोघांत एक तार जोडायची, इकडून शब्द सोडायचे, तिकडे झेलायचे. सांगायला सोपे.

पहिली अडचण पिनांची. जुन्या यंत्राचा पोर्ट पंचवीस पिनांचा, माझा नऊ पिनांचा. एवढे ठाऊक होते की एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेत गेली पाहिजे, म्हणजे दोन आणि तीन क्रमांकांची अदलाबदल करायची. तशी तार डागली. एक अक्षर हलेना. दोन तास घाम गाळल्यावर हस्तपुस्तिकेतल्या दोन आकृत्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. पंचवीस पिनांच्या जोडात यंत्र दोनवर बोलते आणि तीनवर ऐकते. नऊ पिनांच्या जोडात ते तीनवर बोलते आणि दोनवर ऐकते. म्हणजे या दोघांमध्ये फुलीची तार हवी असेल तर दोनला दोन आणि तीनला तीन अशी, दिसायला सरळ, तार डागावी लागते. सातला पाच जोडली की जमीन, म्हणजे दोघांची समान शून्य पातळी, मिळते.

दुसरी अडचण संमतीची. डॉसवरचे यंत्र बोलण्याआधी दोन तारांवर होकाराची वाट पाहत असे : समोरचे यंत्र सुरू आहे का, आणि ते घ्यायला तयार आहे का. माझ्या तीन तारांच्या जोडणीत तसा होकार द्यायला कोणी नव्हते. तेव्हा पंचवीस पिनांच्या बाजूला चार आणि पाच एकमेकांना जोडल्या. सहा, आठ आणि वीस एकमेकांना जोडल्या. आता यंत्र स्वतःच विचारी आणि स्वतःच स्वतःला हो म्हणे. हा प्रकार सगळे दुरुस्तीवाले करत.

तिसरी गोष्ट मला अडचण वाटलीच नाही. जुन्या यंत्रावर मी आज्ञा दिली : पहिला सिरिअल पोर्ट, वेग १२००. बाकी काही लिहिले नाही. शब्द सुटू लागले तेव्हा माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांमध्ये ग्रीक अक्षरे, चौकटीच्या रेघा, नाना चिन्हे उमटली. माझ्या यंत्रात देवनागरी कार्ड नव्हते, त्यामुळे मराठी दिसणार नव्हतीच; पण ही भेसळ मला खटकली. माझ्या बाजूच्या मांडण्या चाळता चाळता आठऐवजी सात बिट आणि सम पॅरिटी निवडली. लगेच पडदा निवळला. शुद्ध इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे. एकही परके चिन्ह नाही. मला वाटले, जमले.

पुन्हा पहिल्यापासून पाठवले. एक लाख शाऐंशी हजारांच्या आसपास खुणा होत्या, सेकंदाला एकशेवीस या गतीने सव्वीस मिनिटे लागली. एकही चूक नोंदली गेली नाही. दोन्हीकडच्या फाइलींचा आकार जुळवून पाहिला. एका खुणेचाही फरक नव्हता. गुरुजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

आठ महिन्यांनी कोल्हापुरात एका मित्राकडे देवनागरी कार्ड असलेला संगणक मिळाला. फ्लॉपी घातली. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. पहिली ओळ होती : इंग्रजी एल, झेड, क्यू, टी, ए आणि एक उलटी तिरकी रेघ. तोवर छापखान्याचे यंत्र कुठल्या कुठे गेले होते आणि त्याची डिस्क पुसली गेली होती.

गुरुजींना सांगितले. ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘असांदे रे. शब्द लोकांच्या तोंडात आसत.’’ २००४ साली ते गेले. पुन्हा वह्या भरण्याइतके आयुष्य त्यांना उरले नव्हते, आणि हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

पाच खुणांचे जग

दोन यंत्रांनी एका तारेवरून बोलायचे तर आधी काही गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. ही ठरवाठरवी संगणकाच्या फार आधीची आहे.

१८७४ साली फ्रेंच तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी आपल्या तारपद्धतीचे पेटंट घेतले. मोर्सच्या लिपीत कुणाला एक टिंब तर कुणाला चार खुणा, असे अक्षरांचे मोजमाप असमान होते. बोदोंनी प्रत्येक अक्षराला सारख्याच पाच खुणा दिल्या. तार पाठवणारा पाच पट्ट्यांच्या छोट्या पेटीवर डाव्या हाताची दोन आणि उजव्या हाताची तीन बोटे ठेवून अक्षर दाबे, आणि यंत्राच्या टकटकीच्या ठेक्यावर पुढचे. तारेवरील खुणांचा वेग ज्या एककात मोजतात ते ‘बॉड’ त्यांच्याच नावावरून आले आहे. पुढे १९०१ साली डोनाल्ड मरे या न्यूझीलंडहून आलेल्या पत्रकाराने या पाच खुणांना टंकलेखन यंत्राचा कळफलक जोडला, आणि नेहमी लागणाऱ्या अक्षरांना कमी भोके पडतील अशी फेरमांडणी केली, म्हणजे यंत्राची झीज कमी व्हावी.

एक प्रश्न उरला होता. ऐकणाऱ्या यंत्राला कसे कळावे की अक्षर नेमके कुठे सुरू झाले? शिकागोचे चार्ल्स क्रम आणि त्यांचा मुलगा हॉवर्ड यांनी १९१०च्या सुमारास याचे जे उत्तर काढले ते आजही आपल्या तारांत आहे. तार निवांत असताना तिच्यातून प्रवाह वाहता ठेवायचा. अक्षर सुरू होताना तो क्षणभर तोडायचा. ही आरंभखूण. ती मिळताच ऐकणारे यंत्र घड्याळ लावते, पुढच्या पाच खुणा ठरल्या वेळी वाचते, आणि शेवटच्या विरामखुणेवर पुन्हा थांबते. दोन्ही घड्याळे अखंड जुळलेली असण्याची गरज उरली नाही. एका अक्षरापुरती जुळली की पुरे. पन्नास बॉडच्या टेलिप्रिंटरवर प्रत्येक खूण वीस मिलिसेकंदांची आणि अक्षर साडेसात खुणांचे, म्हणजे मिनिटाला चारशे अक्षरे.

पाच खुणांची अडचण उघड आहे : त्यांच्यातून बत्तीसच जोडण्या निघतात. रोमन अक्षरे सव्वीस, त्यात आकडे आणि विरामचिन्हे आली की जागा संपते. म्हणून दोन खास खुणा ठेवल्या. एक आली की पुढचे सारे अक्षरे म्हणून वाचायचे, दुसरी आली की आकडे म्हणून. ही बदलखूण वाटेत गळाली तर क्यू, डब्ल्यू, ई ही अक्षरे १, २, ३ होऊन छापली जात. तारमास्तर अशा ओळी पाहून हसत आणि मनातल्या मनात उलट वाचून घेत. खुणा त्याच, पण त्या कोणत्या घरातल्या हे सांगणारी खूण हरवलेली. माझ्या फ्लॉपीचे दुखणे तेच होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

याच बत्तीस जोडण्यांत देवनागरीही बसवण्याचा उद्योग आपल्याकडे झाला. शि. शं. आपटे यांनी १९४८ साली मुंबईत स्थापलेल्या ‘हिंदुस्थान समाचार’ या वृत्तसंस्थेने १९५०च्या दशकात देवनागरी टेलिप्रिंटर वापरात आणला. १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना निघाला. बाराखडी, काने-मात्रा आणि अर्धी अक्षरे एवढ्याशा जागेत कोंबताना काय कसरत करावी लागते, याची कल्पना मराठी टंकलेखन यंत्रावर ज्यांनी बोटे झिजवली आहेत त्यांना वेगळी द्यायला नको.

सात आणि एक

१९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ ही संकेतप्रणाली ठरली. पाचाच्या जागी सात खुणा, म्हणजे सात बिट, आणि एकशे अठ्ठावीस जागा. आठ का नाहीत, याचा विचार झाला होता. तारेवर प्रत्येक बिटाला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात. इंग्रजीचे काम सातात भागत होते. शिवाय एक इंच रुंदीच्या कागदी फितीवर आठ भोकांची जागा होती. सात भोके अक्षराला दिली की आठवे रिकामे राही, आणि त्यात तपासणीची खूण ठेवता येई.

ही तपासणी म्हणजे पॅरिटी. सात बिटांमध्ये ‘एक’ किती आहेत ते मोजायचे. संख्या विषम असेल तर आठव्या जागी एक घालून ती सम करायची. आधीच सम असेल तर शून्य. पलीकडच्याने पुन्हा मोजायचे. विषम आली तर वाटेत काहीतरी बिघडले. दोन बिट एकदम बिघडले तर ही तपासणी फसते, पण खरखरणाऱ्या तारांच्या काळात तेवढी राखणही मोलाची होती. त्याच १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राने ही रचना प्रयोगशाळांत आणि कचेऱ्यांत पोचवली. त्याचा वेग ११० बॉड. एक आरंभ, आठ बिट आणि दोन विराम मिळून अकरा खुणा, म्हणजे सेकंदाला बरोबर दहा अक्षरे. यंत्र आठ पाठवी, पण अक्षर सातातच असे. आठव्या जागेवर चौकीदार बसलेला असे.

तारेचे नियम त्याआधीच लिहिले गेले होते. १९६० साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने आरएस-२३२ हे मानक काढले. त्याची ‘सी’ ही आवृत्ती १९६९ची, आणि पुढची कित्येक वर्षे तिचेच राज्य होते. टर्मिनल आणि टेलिफोनचा मोडेम यांच्यातला हा करार. एक बोलणारा, दुसरा त्याचे बोलणे पुढे नेणारा. दोघांच्या भूमिका वेगळ्या. म्हणून पिनांना नावे दिली ती टर्मिनलच्या बाजूने. उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे एक, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य. दोन संगणक थेट एकमेकांशी बोलतील ही कल्पना त्या करारात नव्हती. दोघेही स्वतःला टर्मिनल समजतात, दोघेही एकाच पिनेवर बोलतात. मधला मोडेम आहे असे भासवण्यासाठी तारा उलटसुलट कराव्या लागतात, आणि अशा तारेला ‘नल मोडेम’ म्हणतात, म्हणजे नसलेला मोडेम. १९८४च्या आयबीएम पीसी एटीने नऊ पिनांचा जोड रूढ केला आणि त्यात बोलायची पीन दोनवरून तीनवर गेली. माझे दोन तास तिथे गेले होते.

या मानकात व्होल्ट आहेत, पिना आहेत, होकाराच्या तारा आहेत. पण अक्षर किती बिटांचे, पॅरिटी ठेवायची की नाही, वेग किती, कोणती संकेतप्रणाली, यांबद्दल ते बोलत नाही. ते दोन्ही टोकांनी आपसांत ठरवायचे. आणि जे आपसांत ठरवायचे ते कोणीतरी ठरवले नाही, तर यंत्र स्वतः ठरवून टाकते.

मी १९९६ साली डॉसला फक्त वेग सांगितला होता. उरलेल्या जागा डॉसने आपल्या ठराविक पद्धतीने भरल्या. त्या आज्ञेत पॅरिटी आणि बिटांची संख्या लिहिली नाही, तर डॉस सम पॅरिटी आणि सात बिट धरीत असे. हस्तपुस्तिकेत हे एका ओळीत छापलेले होते. ती ओळ मी वाचली होती, पण मला तिच्यात धोका दिसला नव्हता, उलट पॅरिटी म्हणजे जास्तीची राखण असेच वाटले होते.

देवनागरीचे घर

सात बिटांच्या या वसाहतीत आपल्या लिपीला जागा कुठे मिळाली?

१९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी संगणकाची जी कामे झाली त्यांतून जिस्ट हे तंत्र पुढे आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम तिथे वाढवले. साध्या पीसीत बसणारे जिस्ट कार्ड त्यातलेच. या कामाच्या मुळाशी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने तिला १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून मान्यता दिली.

इस्कीची कल्पना देखणी आहे. आठ बिटांच्या दोनशे छप्पन्न जागांपैकी खालच्या एकशे अठ्ठावीस इंग्रजीच्या आस्कीला जशाच्या तशा सोडल्या, आणि वरच्या अर्ध्यात भारतीय वर्ण बसवले. तेही उच्चाराच्या क्रमाने : क १७९वर, ख १८०वर, ग १८१वर. देवनागरी असो, बंगाली असो की तमीळ, ‘क’ची जागा तीच. पडद्यावर कोणत्या लिपीत दाखवायचे तेवढे बदलायचे.

म्हणजे इस्कीत मराठी आणि इंग्रजी यांच्यातला फरक एकाच गोष्टीचा. आठवा बिट शून्य असेल तर इंग्रजी. एक असेल तर आपली लिपी. आपले संपूर्ण बिऱ्हाड आठव्या बिटाच्या आधाराने उभे होते, आणि तारेच्या जगाने ती जागा तीस वर्षांपूर्वीच चौकीदाराला देऊन टाकली होती.

मानक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते. सात बिटांच्या तारेवर इस्की पाठवायची तर दोन नियंत्रक खुणांनी घर बदलल्याचे सांगावे, अशी तरतूद त्यांनी करून ठेवली होती. टेलिप्रिंटरच्या बदलखुणेचीच युक्ती. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली तयार झालेला कर्मिट हा फाइली पाठवण्याचा प्रोग्रामही याच कारणासाठी आठव्या बिटाची वेगळी खूण पुढे जोडून पाठवू शकत असे. यांपैकी काही मी वापरले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. मी साधी आज्ञा दिली. यंत्राने प्रत्येक अक्षराचे खालचे सात बिट घेतले, आठवा टाकून दिला, आणि त्या जागी पॅरिटी बसवून पाठवले. माझ्या यंत्राने पॅरिटी तपासली. ती बरोबर होती. खुणांची संख्या मोजली. तीही बरोबर होती. दोन्ही टोकांचे पूर्ण एकमत होते. राखण चोख झाली, पण ज्याची राखण करायची तो आधीच घराबाहेर गेला होता.

आणखी एक गोष्ट मला फार नंतर उमगली. सुरुवातीला माझ्या पडद्यावर जी भेसळ दिसली ती आठव्या जागेवरच्या पॅरिटीची होती. पण खरी इस्की जशीच्या तशी आली असती तरी कार्ड नसलेल्या त्या पडद्यावर ती तशीच, ग्रीक अक्षरे आणि चौकटीच्या रेघा, दिसली असती. शुद्ध मजकूर मला कचरा वाटला असता. बिघडलेला मजकूर स्वच्छ दिसला म्हणून मी तो बरोबर मानला.

परतीचा प्रवास

२०१९च्या पावसाळ्याआधी इस्कीच्या तक्त्याची एक छायाप्रत माझ्या हाती आली. सहज बोट फिरवत होतो. म २०४वर. त्यातून १२८ गेले की ७६, आणि आस्कीत ७६ म्हणजे इंग्रजी एल. फ्लॉपीवरची पहिली ओळ मला पाठ होती. एल, झेड, क्यू, टी, ए, तिरकी रेघ. प्रत्येकात १२८ मिळवले : म, काना, ल, व, ण, दीर्घ वेलांटी. मालवणी.

तरी खात्री हवी होती. यूएसबीचे दोन सिरिअल अडॅप्टर आणले. पहिला चुकीचा आला. त्याच्यातून पाच व्होल्टचे संकेत निघत, छोट्या प्रायोगिक पाट्यांसाठीचे. त्यांची पातळी तर वेगळी असतेच, शिवाय एक आणि शून्य यांची दिशाही आरएस-२३२च्या उलट. असा अडॅप्टर खऱ्या सिरिअल पोर्टला जोडला तर जळू शकतो. तो बदलून नऊ पिनांचे दोन घेतले. दोघेही नऊ पिनांचे, म्हणून या वेळी तार खरोखर फुलीची डागली : दोनला तीन, तीनला दोन, पाचला पाच. लॅपटॉपने त्यांना पोर्टचे क्रमांक दिले. अडॅप्टर दुसऱ्या खाचेत लावला की क्रमांकही बदले, तेव्हा आधी तो तपासायची सवय लावून घेतली. मग दोन्ही टोके मुद्दाम सात बिट, सम पॅरिटी, एक विराम अशी मांडली आणि इस्कीतला ‘मराठी’ हा एक शब्द सोडला. पलीकडे आले : एल, ओ, झेड, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ. आठ बिट, पॅरिटी नाही, अशी मांडणी केल्यावर तोच शब्द पाचही अक्षरखुणांनिशी धडधाकट पोचला. तेवीस वर्षांपूर्वीची माझी चूक माझ्या टेबलावर, दोन हात लांबीच्या तारेत, पुन्हा घडली होती. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

फ्लॉपी अजून वाचता येत होती. मोकळी जागा आणि ओळीचा शेवट सोडून प्रत्येक खुणेत १२८ मिळवणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. ‘८’चा आकडा, लहान ए, प्रश्नचिन्ह आणि वरचे टोक यांतून ‘चेडू’ उभे राहिले. अर्धविराम, तिरकी रेघ आणि क्यू यांतून ‘झील’. मांगर, भिरंड, खळा, एकामागून एक.

पण एक गोष्ट प्रोग्रामला सांगता येत नव्हती. गुरुजींनी विरामचिन्हे वापरली होती, आणि ती मुळातच खालच्या घरातली. आता वरच्या घरातून खाली पडलेली अक्षरे आणि मूळची चिन्हे सारखीच दिसत होती. स्वल्पविराम आणि ‘ए’ एक झाले, संयोगचिन्ह आणि ‘ऐ’ एक झाले. उघडता कंस म्हणजे ‘उ’ आणि मिटता कंस म्हणजे ‘ऊ’. सगळे वर चढवले की प्रत्येक कंसातला मजकूर उ-ने सुरू होऊन ऊ-ने संपे. चिन्हे खाली ठेवावीत तर ‘भाऊ’चे ‘भा’ आणि मिटता कंस होई. गुरुजींनी आकडे देवनागरीत घातले होते हे नशीब. ते इंग्रजी क्यू ते झेड या लहान अक्षरांत जाऊन बसले होते, त्यामुळे ‘३’ दिसला की तो ‘क’च हे धरता आले. बाकी सारे वाचूनच सोडवावे लागले. पावसाळाभर रोज रात्री पन्नास-साठ नोंदी.

सगळ्यांत अवघड होते प्रश्नचिन्ह. ते ‘ड’शी एक झाले होते. आणि गुरुजी प्रामाणिक माणूस. ज्या शब्दाबद्दल खात्री नसे त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकत. म्हणजे शेवटी ती खूण आली की प्रश्न पडे : हा शब्दाचा ‘ड’ की गुरुजींची शंका? बहुतेक ठिकाणी अर्थावरून सुटले. ‘भिरंड’मध्ये शंकेला जागा नव्हती.

एक नोंद मात्र सुटली नाही. भ, र, आणि पुढे ती खूण. अर्थ दिला आहे, ‘जमिनीचा एक प्रकार’, बस एवढाच. ‘भरड’ म्हणजे उंचवट्यावरची कातळी जमीन, हा आमच्याकडचा नेहमीचा शब्द. पण टाकलेल्या मातीच्या जमिनीला ‘भर’ म्हणताना मी ऐकले आहे, आणि त्या शब्दापुढे गुरुजींनी शंका घातली असणेही शक्य आहे. शेवटी त्यांच्या गावच्या एका म्हाताऱ्या आजींकडे गेलो. त्या म्हणाल्या, ‘‘आमचा घर भरडार आसा, बाबा.’’ मी विचारले, ‘‘आणि भर?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ती खालच्या शेतात घातलली.’’ दोन्ही शब्द त्यांच्या तोंडात होते, गुरुजी म्हणाले होते तसेच.

ही यादी आता मी युनिकोडमध्ये उतरवली आहे. युनिकोडमधला देवनागरीचा क्रम मोठ्या प्रमाणावर इस्कीच्याच जुन्या मसुद्यावरून घेतलेला आहे. आज जो यूटीएफ-८ प्रकार सर्वत्र चालतो त्यात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची असते, आणि त्या तिन्ही बाइटांचा आठवा बिट एकच असतो. ‘मराठी’ हा शब्द पाचाऐवजी पंधरा बाइट घेतो, आणि पंधराच्या पंधरा आठव्या बिटाच्या भरवशावर आहेत. म्हणून कुणी जुन्या तारेला नवा अडॅप्टर जोडत असेल, वजनकाट्याला, तिकिटाच्या छपाईयंत्राला किंवा माझ्यासारख्या एखाद्या जुन्या यंत्राला, तर मी एवढेच सांगतो : वेग लिहा, बिट लिहा, पॅरिटी लिहा, कुठलीही जागा यंत्राला भरू देऊ नका. आणि आकार जुळला, चूक आली नाही, यावर उठू नका. मूळ पुसण्याआधी एक ओळ तरी आपल्या लिपीत उघडून वाचा.

यादीत त्या नोंदीपाशी मी ‘भरड’ लिहिले आहे, आणि त्याखाली ‘भर?’ असेही. गुरुजींनी नेमके काय लिहिले होते ते सांगणारा एक बिट होता. तो १९९६ सालच्या एप्रिलमध्ये मी टाकून दिला.